नीलम पारखायचा कसा : नवख्यांसाठी पायरी पायरीने

नीलम हातात आला की नवखा माणूस एकच विचारतो, ‘खरा आहे ना?’ प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. नीलमाबाबत विचारायचे प्रश्न तीन. हा दगड नीलमच आहे का? असेल तर तो खाणीतला की भट्टीत बनवलेला? आणि खाणीतला असेल तर वर आल्यावर त्यावर काय काय केलंय? तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात, आणि तिन्ही एकदम सांगणारी एकही चाचणी नाही. दगड सुंदर आहे का, हा तर चौथाच प्रश्न, आणि त्याचा पहिल्या तिन्हींशी संबंध नाही. भट्टीतला नीलम डोळ्यांत भरेल असा असू शकतो, आणि खाणीतून आलेला, आगीचं तोंडही न पाहिलेला नीलम शाईच्या डागासारखा काळपट असू शकतो.

म्हणून तपासायचा क्रम ठरवून घ्या : आधी डोळे, मग तराजू, मग भिंग आणि सगळ्यात शेवटी प्रमाणपत्र. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात. आधी कागद बघतात, आणि कागद चांगला दिसला की दगडाकडे नीट बघायचं राहूनच जातं.

दगडाची थोडी ओळख

नीलम म्हणजे कुरुंद या खनिजाचा निळा प्रकार. माणिकही कुरुंदच. कुरुंद म्हणजे स्फटिकरूपातलं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, आणि ते शुद्ध असेल तर त्याला रंगच नसतो. निळेपणा येतो तो लोह आणि टायटॅनियम या दोन अशुद्धींच्या जोडीमुळे. प्रकाश आत शिरला की लोहाच्या अणूवरचा इलेक्ट्रॉन शेजारच्या टायटॅनियमकडे सरकतो, त्यात पिवळा-तांबडा प्रकाश शोषला जातो आणि आपल्यापर्यंत निळा पोचतो. दोघांपैकी एकच हजर असेल तर हा गडद निळा मिळत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे तापवण्याचं गणित याच जोडीवर चालतं.

मोह्सच्या मापावर कठीणपणा ९. त्याच्या वर दागिन्यात नेहमी भेटणारा दगड एकच, हिरा. ठरावीक पातळीवर सहज दुभंगण्याचा दोष नीलमात नाही, म्हणून रोजच्या अंगठीसाठी तो टांझानाइट या दुसऱ्या निळ्या रत्नापेक्षा कितीतरी भरवशाचा. प्रकाश वाकवण्याचं प्रमाण, म्हणजे अपवर्तनांक, १.७६ ते १.७७.

हाताशी काय असावं

दहापट मोठं दाखवणारं चांगलं भिंग, ०.००१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, बारीक झोताचा टॉर्च, ध्रुवक फिल्मचा म्हणजे पोलरॉइडचा एक तुकडा, पांढरा कोरा कागद, छापील मजकुराचा एखादा कागद, काचेचा छोटा पेला आणि अगदी बारीक नायलॉनचा धागा. वीसपट, तीसपट असं लिहिलेली भिंगं घेऊ नका. त्यांत एका वेळी दगडाचा इतका छोटा तुकडा स्पष्ट दिसतो की आपण कुठे बघतोय तेच समजत नाही.

पहिली पायरी : रंग, आणि कोणत्या उजेडात

आधी दगड पुसा. बोटांचं तेल खालच्या पैलूंवर बसलं की आत आलेला प्रकाश परत फिरण्याऐवजी तिथूनच निसटतो आणि चांगला दगडही मंद दिसतो. साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन मऊ कापडाने कोरडा करा, आणि मगच मत बनवा.

आता उजेड. दुकानातले छतावरचे तीव्र दिवे गडद दगडांना फार मानवतात. एकाच बिंदूतून येणारा जोरदार झोत काळपट नीलमालाही चमक आणतो. तोच दगड साध्या खोलीत नेला की निळा कुठे गेला असं वाटतं. म्हणून एकच दगड तीन ठिकाणी बघायचा : थेट ऊन न येणाऱ्या खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर, पिवळसर दिव्याखाली, आणि खोलीच्या मंद कोपऱ्यात. पिवळ्या दिव्यात निळा प्रकाश मुळातच कमी असतो, त्यामुळे तिथे सगळेच नीलम थोडे उतरतात. काही जांभळ्याकडे झुकतात, काही करड्याकडे, काही सरळ काळे पडतात. तिन्ही उजेडांत जो ओळखीचा राहतो, तो चांगला.

रंगाचेही तीन भाग सुटे करून बघा. पहिला, छटा : शुद्ध निळा की त्यात हिरवट किंवा जांभळट झाक. किंचित जांभळट झाक सहसा खपून जाते, काहींना आवडतेही. हिरवटपणाने मात्र दगड उतरतो. दुसरा, गडदपणा. इथे नवख्यांची हमखास फसगत होते, कारण ‘जितका गडद तितका भारी’ ही समजूत पक्की बसलेली असते. दगड चिमट्यात धरा आणि हात पूर्ण लांब करून त्याकडे बघा. तेवढ्या अंतरावरून काळा दिसत असेल तर बोटातही काळाच दिसणार. तिसरा भाग रंगाचा जोर. कमी जोराच्या निळ्यावर करड्या रंगाचा पडदा असतो. एकच दगड बघून तो जाणवत नाही, शेजारी दुसरा ठेवला की लगेच कळतं. म्हणून नीलम कधी एकटा बघू नये. निदान तीन शेजारी शेजारी मांडायला सांगा.

आकाराचाही इथे हात असतो. त्याच कच्च्या दगडातून तीन मिलिमीटरचा खडा काढला तर फिका दिसतो आणि बारा मिलिमीटरचा काढला तर गडद, कारण मोठ्या खड्यात प्रकाशाला निळ्यातून जास्त लांब वाट कापावी लागते. कानातल्या बारीक खड्यांसाठी थोडा गडद माल, मोठ्या लोलकासाठी मध्यम, असा साधा हिशेब ठेवा.

‘रॉयल ब्लू’ आणि ‘कॉर्नफ्लॉवर’ ही नावं वारंवार कानावर येतील. रॉयल ब्लू म्हणजे जोरदार, किंचित जांभळट, गडद निळा; कॉर्नफ्लॉवर म्हणजे जरा मऊ, मध्यम निळा. पण त्यांच्या सीमारेषा प्रत्येक प्रयोगशाळेच्या आपापल्या असतात, आणि ते नाव दगडाच्या घाटाबद्दल किंवा स्वच्छतेबद्दल काहीही सांगत नाही.

रंग कुठे बसलाय ते बघा

दगड पालथा करून पांढऱ्या कागदावर ठेवा, मग कडेने बघा. नीलमात रंग क्वचितच सगळीकडे सारखा पसरलेला असतो. पट्टे असतात, कधी एका कोपऱ्यात निळ्याचा ठिपका असतो आणि बाकी जवळपास पांढरं. कसबी कारागीर हा निळा ठिपका बरोबर तळाच्या टोकाशी आणतो. मग समोरून बघताना सगळे पैलू त्या ठिपक्याचं प्रतिबिंब दाखवतात आणि अख्खा दगड निळा भासतो. श्रीलंकेच्या मालात हे नेहमी दिसतं. यात फसवणूक काही नाही, हे कौशल्यच आहे. पण असा दगड पुढे तळाकडून घासून पुन्हा पॉलिश करायला दिला तर रंगच घासून निघेल, हे मालकाला माहीत असलेलं बरं.

दुसरी पायरी : घाट

छापील मजकुरावर खडा सरळ ठेवा आणि वरून बघा. मधल्या सपाट पैलूतून खालची अक्षरं वाचता येत असतील तर त्या खड्याला ‘खिडकी’ आहे. कारण सोपं आहे. नीलमाच्या आतून बाहेर पडणारा प्रकाश तळाच्या पैलूवर साधारण ३४ अंशांपेक्षा जास्त तिरका आदळला तरच पूर्ण परावर्तित होऊन वर येतो. तळ फार उथळ ठेवला की तो कोन मिळत नाही आणि प्रकाश आरपार निघून जातो. मधोमध फिका, धुवून काढल्यासारखा भाग दिसतो तो यामुळे. कारागीर हे अजाणता करत नाही. कच्च्या दगडाचा आकार चपटा असेल तर योग्य कोन ठेवण्यासाठी बरंच वजन फेकावं लागतं, आणि विक्री वजनावर होते.

याच कारणाने उलटा दोषही सापडतो : पोट सुटलेला खडा. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि नीट घाटाचा एक कॅरटचा गोल नीलम साधारण ६ मिलिमीटर व्यासाचा असतो. (हिरा यापेक्षा थोडा मोठा दिसतो, कारण नीलमाची घनता हिऱ्याहून जास्त.) एक कॅरटच्या गोल खड्याचा व्यास ५.४ मिलिमीटरच भरला, तर त्याची खोली ४.७-४.८ मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या जवळपास ८८ टक्के असणार. नीलमात ६० ते ८० टक्के खोली चालून जाते. त्याहून जास्त म्हणजे कोंदणाखाली लपणाऱ्या वजनाचे पैसे. खोली वाढली की रंगही काळवंडतो, तो तोटा वेगळाच.

खडा हळूहळू डावीकडे-उजवीकडे कलवून बघा. कलवल्यावर थोडी खिडकी बहुतेक सगळ्यांत उघडते, त्याने घाबरू नका. सरळ समोरून काय दिसतं, ते महत्त्वाचं.

तिसरी पायरी : पाण्यातलं वजन

सुट्या खड्यावर घरी करता येण्यासारखी सगळ्यात उपयोगी चाचणी हीच, आणि नवखे लोक नेमकी हीच करत नाहीत. नीलमाची घनता पाण्याच्या चौपट आहे, ४.००, आणि त्यात फारसा फरक पडत नाही. निळ्या रंगाच्या बहुतेक तोतयांची घनता याहून बरीच वेगळी असते.

खडा काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये वजन लिहून घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्य करा. खड्याला नायलॉनच्या धाग्याचा फास घालून तो पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबता धरा. तळाला टेकता कामा नये, काठालाही शिवता कामा नये. काट्यावर जो आकडा उमटेल तो खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. आता हवेतल्या वजनाला या आकड्याने भागा.

उदाहरण घेऊ. खडा पाच कॅरटचा, म्हणजे १.००० ग्रॅम. नीलम असेल तर पाण्यात आकडा ०.२५० च्या आसपास यायला हवा. कृत्रिम स्पिनेल असेल तर ०.२७५, निळा टोपाझ ०.२८, टांझानाइट ०.३०, आयोलाइट ०.३८ च्या पुढे. झिर्कोनिया जड असतो, त्यामुळे आकडा ०.१८ च्या खालीच थांबतो. काचेचा नेम नाही. साधी काच हलकी असते, पण शिसं मिसळलेली काच बरीच वर चढते, तेव्हा काचेचा निकाल नुसत्या घनतेवर लावू नका.

आकडा बिघडतो तो ठरावीक कारणांनी. खड्याला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि घनता कमी भासते; पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि खडा बुडवल्यावर ब्रशच्या केसाने बुडबुडे झटका. धागा जाड असेल तर तोही पाणी सारतो. खडा तळाला टेकला की त्याचं वजनच काट्यावर येतं आणि आकडा एकदम उडी मारतो. आणि खडा लहान असेल तर काट्याची चूक मोठी होते : एक कॅरटच्या खड्याचा आकडा ०.०५० असतो, त्यात ०.००२ इकडेतिकडे झालं की उत्तर ३.८५ पासून ४.१७ पर्यंत कुठेही पडतं. पाच कॅरटवर तीच चूक ३.९७ ते ४.०३ इतक्यात मावते. दोन कॅरटच्या खाली या चाचणीवर फार विसंबू नका. करायचीच असेल तर पाच-सहा वेळा करून सरासरी काढा.

आणि सगळ्यात मोठी मर्यादा : भट्टीतला नीलमही ४.०० च दाखवतो, कारण तोही कुरुंदच आहे. ही चाचणी फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते.

चौथी पायरी : पोलरॉइडचा तुकडा

खड्याच्या मागून उजेड येऊ द्या, डोळ्यासमोर फिल्म धरा आणि ती पाव वळसा फिरवा. नीलम निळ्याच्या दोन छटा दाखवतो, एक शुद्ध किंवा जांभळट, दुसरी हिरवट. स्पिनेल आणि काच काहीच बदलत नाहीत. आयोलाइटमध्ये बदल इतका ठळक असतो की निळ्याचं जवळपास बेरंग होतं. एका दिशेने फरक दिसला नाही तर निष्कर्ष काढू नका. स्फटिकाच्या अक्षाच्या दिशेने बघताना नीलमही एकच रंग दाखवतो. खडा फिरवून दुसऱ्या बाजूने बघा. खरं तर चांगला कारागीर मधला पैलू या अक्षाला काटकोनातच पाडतो, म्हणजे समोरून शुद्ध निळा दिसतो आणि हिरवट छटा कडेला राहते.

ओरखडा काढून बघणं, तापवून बघणं, फुंकर मारून वाफ किती वेळात उडते ते बघणं हे सगळं सोडून द्या. पहिल्या दोन्हींत खडा बिघडू शकतो, आणि वाफ अनेक दगडांवरून झटकन उडते.

पाचवी पायरी : भिंगाखाली

भिंग डोळ्याला जवळपास टेकवा, भिंगाचा हात गालाला टेकवून स्थिर करा आणि खडा भिंगापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर आणा. दोन्ही डोळे उघडे ठेवा, नाहीतर पाच मिनिटांत डोळा थकतो. मागे काळी वस्तू, आणि टॉर्चचा झोत कडेने. झोत समोरून मारला तर पैलूंची चमकच दिसते, आतलं काही नाही. जे दिसेल ते आधी पुसून बघा. अर्धे ‘दोष’ म्हणजे वरची धूळ असते.

खाणीतल्या नीलमात काय दिसतं? रूटाइल या टायटॅनियम असलेल्या खनिजाच्या अगदी बारीक, सुईसारख्या रेषा, एकमेकींना ६० आणि १२० अंशांत छेदणाऱ्या. व्यापारात त्यांना रेशीम म्हणतात. बोटाच्या ठशासारखी दिसणारी जुनी, भरून आलेली भेग. छोटे परके स्फटिक. आणि रंगाचे सरळ पट्टे, जे कोपऱ्यात वळताना १२० अंशांचा कोन करतात. हे पट्टे बघायला खडा पाण्यात बुडवून पांढऱ्या कागदावर धरला की सोपं जातं.

भट्टीतल्या नीलमात पट्टे असतात, पण वळलेले, ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारखे. ज्वाळेत पडणारी भुकटी वितळून गोल डोक्यावर थरावर थर चढत जाते, म्हणून ही वळणं. सोबत गोल किंवा लांबट बुडबुडे. ही पद्धत ऑग्यूस्त व्हेर्नॉय यांनी १९०२ मध्ये माणकासाठी जाहीर केली आणि नंतरच्या दशकभरात निळा नीलमही तसा बनू लागला. म्हणजे ‘दागिना खूप जुना आहे, तेव्हा खडा खाणीतलाच’ हा युक्तिवाद गेली शंभर वर्षं लंगडा आहे. द्रावात सावकाश वाढवलेल्या कृत्रिम नीलमांत मात्र वळणदार पट्टे नसतात, उलट नैसर्गिक ठशांशी साम्य असणारे पडदे असतात. ते ओळखणं नवख्याचं काम नाही. एक अंदाज ठेवा : मोठा, गडद, आतून पाण्यासारखा स्वच्छ आणि तरीही स्वस्तात देऊ केलेला नीलम हा आधी संशयित, मग दगड.

खड्याची कडा, म्हणजे वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतात ती रेषा, कडेने नीट बघून घ्या. वर नैसर्गिक कुरुंदाची पातळ चकती आणि खाली कृत्रिम, असे चिकटवलेले जोडखडेही असतात. पाण्यात बुडवून आडवं धरलं की सांधा आणि त्यातले चपटे बुडबुडे दिसतात. दागिन्याची पाठ धातूने बंद असेल तर यातलं काहीच तपासता येत नाही. खाली रंगीत पत्रा असला तरी कळणार नाही. बंद पाठीचा खडा ‘माहीत नाही’ या खात्यात टाका.

सहावी पायरी : यावर काय केलंय?

बाजारातले बहुसंख्य नीलम तापवलेले असतात, आणि हे सांगून विकलं तर त्यात गैर काही नाही. १७००-१८०० अंश सेल्सिअसच्या आसपास रूटाइलचं रेशीम विरघळतं. त्यातलं टायटॅनियम स्फटिकात पसरतं आणि तिथे आधीपासून असलेल्या लोहाला जोडीदार मिळतो. एका घावात दोन कामं : दुधाळपणा जातो आणि निळा चढतो. श्रीलंकेतले ‘ग्यूडा’ नावाचे दुधट, जवळपास बेरंग दगड एकेकाळी टाकून दिले जात. १९७० च्या दशकात थायलंडच्या भट्टीवाल्यांनी त्यांतून चांगले निळे नीलम काढायला सुरुवात केली. हा बदल कायमचा असतो, उन्हाने किंवा वर्षांनी उतरत नाही. भिंगाखाली त्याच्या खुणा : रेशमाच्या अखंड सुयांऐवजी तुटक ठिपके, आणि आतल्या स्फटिकांभोवती तबकडीसारख्या गोल भेगा, कारण उष्णतेत तो परका स्फटिक नीलमापेक्षा वेगळ्या प्रमाणात फुगतो. उलट रेशीम धारदार, अखंड आणि सुया टोकापर्यंत शाबूत असतील तर खडा बहुधा एवढा तापलेला नाही. न तापवलेला आणि तापवलेला नीलम यांच्या किमतीत मोठी तफावत पडते, म्हणून हा मुद्दा डोळ्यांवर सोडू नये, प्रयोगशाळेकडे न्यावा.

पुढचे दोन प्रकार मात्र वेगळ्या जातीचे आहेत.

पहिला, बाहेरून टायटॅनियम मुरवलेला. यात रंग पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरात असतो. पाण्यात बुडवून पांढऱ्या कागदावर धरा : पैलूंच्या कडा गडद रेघांनी आखल्यासारख्या दिसतात, आणि शेजारशेजारच्या पैलूंचा रंग कमीजास्त, कारण शेवटच्या पॉलिशमध्ये थर कुठे जास्त घासला गेलाय, कुठे कमी. अशा खड्याला टवका उडाला तर आत फिकं निघतं. बेरिलियम मुरवलेले खडेही असतात. ते खोलवर जातं, आणि लेझर वापरून केलेल्या रासायनिक तपासणीशिवाय सांगता येत नाही.

दुसरा, कोबाल्टच्या निळ्या शिशाच्या काचेने भरलेला. मुळात भेगांनी खिळखिळा, जवळपास निरुपयोगी कुरुंद घ्यायचा आणि भेगांत रंगीत काच ओतायची. भिंगाखाली रंग भेगांमध्ये साकळलेला दिसतो, मधला दगड फिका. खडा फिरवताना भेगांवरून निळ्या-जांभळ्या झळा उठतात, काचेत बुडबुडे अडकलेले असतात. लिंबाचा रस, दागिना उजळायचं आम्ल आणि सोनाराची ज्योत, तिन्हींनी ही काच खराब होते. याला नीलम म्हणून विकणं ही शुद्ध लबाडी आहे, आणि स्वस्त, मोठ्या, ‘प्रमाणपत्रासह’ मिळणाऱ्या खड्यांत हाच माल जास्त असतो.

सातवी पायरी : कागद वाचणं

जीआयए, एसएसईएफ, ग्यूबेलिन, एजीएल, जीआरएस ही रत्नं तपासणाऱ्या प्रयोगशाळांतली जगभर चालणारी नावं. विकणाऱ्यानेच स्वतः छापलेलं कार्ड म्हणजे अहवाल नव्हे. अहवाल हातात आला की आधी वजन आणि मापं जुळवा. तुमच्याकडे काटा आहे. कॅरटचा दुसऱ्या दशांशापर्यंतचा आकडा जुळलाच पाहिजे. लांबी, रुंदी, खोलीही मोजा. अस्सल अहवालासोबत दुसराच खडा देणं ही फार जुनी युक्ती आहे. मग अहवालाचा क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून बघा.

मजकुरात तीन ओळी शोधा. ‘नैसर्गिक’ हा शब्द आहे का. प्रक्रियेबद्दल काय लिहिलंय : ‘तापवल्याच्या खुणा नाहीत’, ‘तापवलेला’, की शेरा या रकान्यात बारीक अक्षरांत मुरवणं किंवा भरणं. ‘नैसर्गिक’ म्हणजे प्रक्रिया न केलेला, असा अर्थ काढू नका. तापवलेला नीलमही नैसर्गिकच असतो. तिसरी ओळ मूळ ठिकाणाची. ते प्रयोगशाळेचं मत असतं, मोजमाप नव्हे, आणि एकाच खड्यावर दोन प्रयोगशाळा वेगळं म्हणू शकतात.

ठिकाणाच्या नावाला एवढा भाव का, हेही समजून घ्या. काश्मीरमधल्या पाडर भागात १८८१ च्या सुमाराला दरड कोसळून नीलम उघडे पडले आणि उत्तम माल काही वर्षांतच संपला. त्यांच्यात अतिसूक्ष्म कण असतात. ते प्रकाश विखुरतात, पण दगड गढूळ करत नाहीत, आणि निळ्याला मखमली मऊपणा येतो. म्यानमारचा मोगोक जोरदार गडद निळ्यासाठी, श्रीलंकेचं रत्नपुरा उजळ, चमकदार निळ्यासाठी ओळखलं जातं. मादागास्करमध्ये इलाकाकाजवळचे साठे १९९८ मध्ये सापडल्यावर बाजाराचं चित्र पालटलं, आणि तिथला काही माल श्रीलंकेच्या मालापासून वेगळा काढणं तज्ज्ञांनाही जड जातं. ऑस्ट्रेलिया आणि थायलंडचे ज्वालामुखी खडकांतले नीलम लोह जास्त असल्याने बहुधा काळपट, हिरवट असतात. पण ही सगळी सरासरी झाली. मोगोकमध्येही टाकाऊ दगड निघतात. नाव बघून वाईट खडा घेण्यापेक्षा नावाशिवायचा देखणा खडा घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत.

कोंदण आणि निगा

गडद खड्याला पाठ उघडी ठेवा, बंद कोंदणात तो आणखी काळवंडतो. अंगठीसाठी चौकोनी खडा घेतला तर चारही कोपरे धातूच्या नख्यांखाली झाकलेले हवेत, टवके तिथेच उडतात.

डबीत नीलम हिऱ्याला लागून ठेवू नका, हिरा त्याच्या पैलूंच्या धारा बोथट करतो. मोती, ओपल, पाचू यांच्या शेजारीही नको, त्यांना नीलम ओरबाडतो. धुण्यासाठी कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ दातांचा ब्रश, आणि ब्रश मुख्यतः खड्याच्या पाठीकडून फिरवायचा, कारण मळ तिथे साठतो. अल्ट्रासॉनिक यंत्रात न तापवलेला किंवा नुसता तापवलेला, मोठी भेग नसलेला नीलम चालतो. काचेने भरलेला चालत नाही. काय आहे ते माहीत नसेल तर साबणपाणीच बरं.

अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलके टिचकी मारा. खुळखुळ आली तर नखी सैल झाली आहे, त्याच दिवशी काढून ठेवा. आणि माप कमीजास्त करायला किंवा डाग द्यायला देताना आधी खडा कोंदणातून काढायला सांगा. डाग देताना वापरला जाणारा टाकणखार तापलेल्या कुरुंदाचा पृष्ठभाग खातो. नीलम फुटत नाही, पण पॉलिशवर खडबडीत, धुरकट चट्टे उठतात आणि मग सगळे पैलू पुन्हा घासण्यावाचून इलाज नसतो, त्यात वजनही जातं. सोनार ‘नीलमाला आगीचं काही होत नाही’ म्हणाला तरी खडा काढूनच द्या.